आंतरराष्ट्रीय संबंधांचा अभ्यासक आणि लेखक व्हायचे असेल तर

२९ एप्रिल १९५४ रोजी पेकिंग येथे भारत आणि चीन यांच्यात झालेला करार आपल्याकडे ‘पंचशील’ या नावाने शाळेपासून ठाऊक असतो. परंतु तो मुळातून वाचलेला माणूस विरळाच भेटतो. वाचायला घेतल्यावर पहिले आश्चर्य नावातच असते. हा करार चीनचा तिबेट प्रदेश आणि भारत यांच्यातील व्यापार व दळणवळणाविषयीचा आहे. ज्या पाच तत्त्वांमुळे तो गाजला ती प्रस्तावनेत येऊन जातात आणि पुढची सहा कलमे व्यापारी कचेऱ्या कुठे असाव्यात, बाजार कुठे भरावेत, कैलास-मानसरोवराच्या यात्रेकरूंनी कोणत्या वाटेने जावे, जवळ कोणती कागदपत्रे बाळगावीत आणि करार किती काळ टिकावा यांवर खर्ची पडतात. चौथ्या कलमात शिपकी, माना, नीती, कुंगरी बिंगरी, दारमा आणि लिपुलेख अशा सहा खिंडी नावानिशी दिल्या आहेत. वाटाघाटींच्या वेळी चिनी मसुद्यातील वाक्य ‘चीन सरकार पुढील खिंडी खुल्या करण्यास मान्यता देत आहे’ अशा अर्थाचे होते. भारतीय बाजूने त्याला हरकत घेतली आणि अखेरीस दोन्ही देशांचे व्यापारी व यात्रेकरू पुढील खिंडींतून प्रवास करू शकतील, असे शब्द ठरले. हरकतीचे कारण उघड आहे: जो खिंड खुली करतो, खिंड त्याच्या मालकीची ठरते. पुढे सीमावाद पेटल्यावर भारताने याच कलमाच्या आधारे या खिंडी सीमेवर असल्याचे चीनने मान्य केले होते असा युक्तिवाद केला, तर करारात सीमेचा प्रश्न आलाच नव्हता असे चीनने सांगितले. शेवटच्या कलमाने कराराला आठ वर्षांची मुदत दिली होती. ती जून १९६२ मध्ये संपली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात युद्ध सुरू झाले.

या मार्गदर्शनाची सुरुवात प्रवेश-अर्जापासून न करता एका कलमातल्या क्रियापदापासून केली, याचे कारण या व्यवसायातले खरे काम असेच असते. वाहिनीवर ‘आंतरराष्ट्रीय घडामोडींचे तज्ज्ञ’ अशी पट्टी झळकण्याचे आकर्षण अनेक तरुणांना या विषयाकडे खेचून आणते, आणि त्यात गैर काही नाही. मात्र रोजच्या बातमीमागे धावणारा माणूस दहा वर्षांनी जिथे होता तिथेच सापडतो आणि एका प्रश्नापाशी ठाण मांडून बसलेल्या माणसाला मात्र बातमी स्वतः शोधत येते, असे मी आजवर पाहत आलो आहे.

प्रश्न आधी, पदवी नंतर

माझ्या पहिल्या संशोधन-आराखड्याचे शीर्षक ‘भारताचे परराष्ट्र धोरण: एक चिकित्सक अभ्यास’ असे होते. ज्यांच्यापुढे तो ठेवला त्यांनी कागद न उलटता विचारले, “यात तुम्हाला नेमके काय माहीत नाही?” मला उत्तर देता आले नाही. पुढे विद्यार्थ्यांचे आराखडे तपासण्याची वेळ माझ्यावर आली तेव्हा मीही हाच प्रश्न विचारू लागलो, आणि बहुतेकांची अवस्था माझ्यासारखीच झाली.

विषय आणि प्रश्न यांत फरक आहे. ‘भारत-चीन संबंध’ हा विषय झाला. ‘१९५४ मध्ये खिंडींची नावे लिहून घेताना दिल्लीने सीमेचा प्रश्न उघडपणे का काढला नाही’ हा प्रश्न झाला. चांगला प्रश्न ओळखण्यासाठी तो स्वतःला तीन बाजूंनी विचारून पाहावा. त्याचे उत्तर आज कोणी समाधानकारक दिलेले नाही ना. ते शोधण्यासाठी लागणारी कागदपत्रे, मुलाखती किंवा आकडे आपल्या हाती येऊ शकतात ना. आणि उत्तर मिळालेच तर त्या एका घटनेपलीकडच्या कोणत्या तरी मोठ्या वादात त्यामुळे भर पडते ना. तिसऱ्या कसोटीवर नापास होणारे प्रबंध आपल्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांत शेकड्यांनी आहेत. त्यांत माहिती भरपूर असते, पण ती कशासाठी गोळा केली हे शेवटच्या पानापर्यंत कळत नाही.

सिद्धांताचा उपयोग इथे होतो. ही विद्याशाखा स्वतंत्र विषय म्हणून उभी राहिली ती पहिल्या महायुद्धाच्या धक्क्यातून: १९१९ मध्ये वेल्समधील अबेरिस्टविथ येथे या विषयाचे पहिले अध्यासन स्थापन झाले. त्यानंतर १९३९ मध्ये ई. एच. कार, १९४८ मध्ये हान्स मॉर्गेन्थाऊ आणि १९७९ मध्ये केनेथ वॉल्ट्झ यांनी मांडलेल्या विचारांशी आजही प्रत्येक विद्यार्थ्याला झगडावे लागते. राज्ये सत्तेसाठी का स्पर्धा करतात, संस्था आणि कायदे त्यांना कितपत आवर घालतात, राष्ट्रहित ही वस्तू आधीपासून असते की ती घडवली जाते, हे वाद नीट समजून घ्यावेत, पण त्यांचे गोडवे गाण्यात प्रबंधाची पहिली ऐंशी पाने घालवू नयेत. सिद्धांत ही चाळण आहे. धान्य आपले आपण आणायचे असते. आपल्याकडे कौटिल्याचे नाव घेण्याची हौस मोठी, पण ते घ्यायचे असेल तर मुंबई विद्यापीठाने १९६० ते १९६५ या काळात तीन भागांत प्रसिद्ध केलेले र. पं. कंगले यांचे अर्थशास्त्राचे संपादन, भाषांतर आणि विवेचन निदान एकदा हाताळावे. कौटिल्याच्या मंडल-सिद्धांतावर, म्हणजे शेजारी राज्यांच्या शत्रु-मित्र वर्तुळांच्या मांडणीवर, व्याख्यान देणाऱ्या किती जणांनी ते उघडले आहे, ही चौकशी न केलेली बरी.

एक प्रश्न कारकीर्द कशी घडवतो याचे ठळक उदाहरण म्हणजे अमिताव आचार्य. ओडिशात जन्म, कटकचे रेव्हनशॉ महाविद्यालय, मग दिल्लीचे जवाहरलाल नेहरू विद्यापीठ आणि ऑस्ट्रेलियातील मर्डॉक विद्यापीठाची डॉक्टरेट, असा त्यांचा प्रवास. त्यांचे १९८९ मधील पहिले पुस्तक आखातातील अमेरिकी लष्करी रणनीतीवर होते. सिंगापूरच्या वास्तव्यात त्यांचे लक्ष आग्नेय आशियाकडे वळले आणि बड्या सत्तांच्या सावलीत राहणारी लहान राष्ट्रे आपापसांत सुरक्षेची व्यवस्था कशी घडवतात, या प्रश्नाने त्यांना अनेक वर्षे धरून ठेवले. पश्चिमेच्या अनुभवावरून रचलेले सिद्धांत या राष्ट्रांना पुरते लागू पडत नाहीत हे त्यांना त्याच कामातून जाणवत गेले, आणि ही विद्याशाखा खऱ्या अर्थाने जागतिक कशी व्हावी हा त्यांचा पुढचा मोठा विचार त्यातूनच आला. २०१४-१५ मध्ये ते इंटरनॅशनल स्टडीज असोसिएशन या अभ्यासकांच्या संघटनेचे पहिले पाश्चात्त्येतर अध्यक्ष झाले. आधी जगाचा सिद्धांत मांडून मग उदाहरणे शोधण्याच्या वाटेला ते गेले नाहीत, हे नवशिक्याने लक्षात घ्यावे.

भाषा

यावर मी थोडे जास्त लिहिणार आहे, कारण आपल्याकडचा सर्वांत मोठा उणेपणा इथे आहे. चीनवर बोलणाऱ्या भारतीयांपैकी चिनी वाचू शकणारे थोडे, इराणवर लिहिणाऱ्यांपैकी फारसी येणारे त्याहून थोडे. परिणाम असा, की आपण शेजाऱ्याविषयीही लंडन आणि वॉशिंग्टनमध्ये लिहिलेले वाचून मत बनवतो. विजय गोखले २०१८ ते २०२० या काळात परराष्ट्र सचिव होते. निवृत्तीनंतर त्यांनी चीनवर लिहिलेली पुस्तके वेगळी वाटतात, कारण त्यामागे मंदारिन चिनी भाषेचे ज्ञान आणि त्या प्रदेशात काढलेली वर्षे आहेत.

भाषा विशीत सुरू करावी. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागाचे जर्मन, फ्रेंच, रशियन, जपानी, स्पॅनिश यांचे वर्ग पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत आणि नोकरी वा महाविद्यालय सांभाळून ते करता येतात. मुंबई विद्यापीठात अरबी आणि फारसी शिकता येते. गोव्यात पोर्तुगीज शिकण्याची सोय आहे, आणि ब्राझील किंवा आफ्रिकेतील पोर्तुगीजभाषक देशांचा अभ्यास करणारे भारतीय इतके कमी आहेत की गोमंतकीय विद्यार्थ्यासाठी ही वाट मोकळीच पडली आहे. प्रमाणपत्रावर न थांबता त्या भाषेतले रोजचे वर्तमानपत्र शब्दकोशाशिवाय अर्धे तरी कळेपर्यंत नेट धरावा. साधारणपणे तीन वर्षे जातात. ही तीन वर्षे वाया गेली असे म्हणणारा अभ्यासक मला अजून भेटलेला नाही.

मराठी माणसाला एक भाषिक भांडवल आयते मिळते, ते म्हणजे मोडी. मराठी सत्तेचे वकील हैदराबादपासून दिल्लीपर्यंतच्या दरबारांत बसून जी पत्रे लिहीत, ती राजनयाचीच कागदपत्रे होत. युरोपाबाहेरच्या राज्यव्यवस्थांचा इतिहास या विषयात आता गांभीर्याने घेतला जात असताना पुण्याच्या पेशवे दप्तराकडे केवळ इतिहासकारांनीच पाहावे असे नाही.

पदव्या, परीक्षा आणि पैसा

भारतात या विषयाच्या अध्यापनाची जुनी केंद्रे दोन. १९५५ मध्ये दिल्लीच्या सप्रू हाउसमध्ये इंडियन स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज सुरू झाले आणि १९७० मध्ये ते जवाहरलाल नेहरू विद्यापीठात सामील झाले. कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठाचा विभाग १९५६ चा. त्यानंतर दिल्लीचे साउथ एशियन विद्यापीठ, गुजरातचे केंद्रीय विद्यापीठ आणि काही खासगी विद्यापीठे यांची भर पडली. महाराष्ट्रात राहून शिकायचे असेल तर मुंबई विद्यापीठाचा नागरिकशास्त्र व राज्यशास्त्र विभाग आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा संरक्षण व सामरिकशास्त्र विभाग हे जुने पर्याय आहेत. पदवी राज्यशास्त्राचीच हवी असे नाही. अर्थशास्त्र, इतिहास, कायदा, इतकेच काय अभियांत्रिकी करून आलेले विद्यार्थीही इथे उत्तम काम करतात, कारण व्यापार, समुद्र-कायदा आणि अण्वस्त्रे हे सारे याच विषयाच्या अंगणात येते.

पुढची पायरी नेट किंवा सेटची, म्हणजे सहायक प्राध्यापकपदासाठीच्या पात्रता परीक्षेची. नेट देशभरासाठी आहे. सेट महाराष्ट्र आणि गोव्यासाठी पुणे विद्यापीठ घेते. कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती, म्हणजे जेआरएफ, मिळाली तर पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि त्यानंतर ४२,००० रुपये मिळतात. सर्वसाधारण प्रवर्गासाठी तिची वयोमर्यादा ३० वर्षे आहे. २०२४ पासून नेटचे गुण पीएच. डी. प्रवेशासाठीही धरले जातात आणि ज्यांना जेआरएफ मिळाली नाही त्यांच्या बाबतीत नेटला ७० आणि मुलाखतीला ३० टक्के वजन दिले जाते. २०२२ च्या नियमांनी एम. फिल. बंद केली आणि पीएच. डी.साठी किमान तीन व सर्वसाधारणपणे कमाल सहा वर्षांची मुदत ठेवली. हे नियम वारंवार बदलतात, म्हणून अर्ज भरण्यापूर्वी चालू वर्षाची अधिसूचना स्वतः वाचावी, मित्राच्या सांगण्यावर विसंबू नये. महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांना बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या संशोधन शिष्यवृत्त्या आपापल्या पात्रतेनुसार मिळू शकतात. भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदही डॉक्टरेटसाठी साहाय्य देते.

परदेशी जायचे असेल तर पैशांचा हिशेब आधी मांडावा. अमेरिकेतील चांगली विद्यापीठे पीएच. डी.च्या विद्यार्थ्याला शुल्क माफ करून वर अध्यापन-साहाय्याच्या बदल्यात निर्वाहभत्ता देतात, पण पाच-सहा वर्षे द्यावी लागतात आणि संख्याशास्त्राची तयारी हवी. ब्रिटनमध्ये मुदत कमी, परंतु शिष्यवृत्तीशिवाय तिथे जाणे म्हणजे घर गहाण टाकणे. पदव्युत्तर अभ्यासासाठी कर्ज काढून एका वर्षाची नामांकित पदवी घेतली आणि परतल्यावर हप्ते फेडण्यासाठी दुसऱ्याच क्षेत्रातली नोकरी धरली, अशी मुले मी पाहिली आहेत.

मार्गदर्शक निवडताना त्यांच्या कीर्तीपेक्षा त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांना भेटावे. प्रकरण दिल्यावर ते किती दिवसांत वाचून परत करतात, शाईने खुणा करतात की ‘ठीक आहे’ म्हणून सोडून देतात, हे दोन विद्यार्थ्यांकडून कळते आणि तेवढे पुरते.

नोकरीबद्दल स्पष्ट बोलावे. विद्यापीठातील सहायक प्राध्यापकाचे मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होते, पण त्या खुर्चीपर्यंत पोहोचण्याआधी आपल्या राज्यात अनेकांना वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर, काढावी लागतात. तिथे तासांचे पैसे वर्ष संपल्यावर हाती पडले तरी नशीब समजायचे. म्हणून पर्याय डोळ्यांसमोर ठेवावेत. दिल्लीतील मनोहर पर्रीकर संरक्षण अध्ययन आणि विश्लेषण संस्था १९६५ मध्ये स्थापन झाली. २०२० मध्ये तिला गोव्याच्या या माजी संरक्षणमंत्र्यांचे नाव देण्यात आले. मुंबईत गेटवे हाउस आहे, ऑब्झर्व्हर रिसर्च फाउंडेशनचे केंद्र आहे. अशा विचारगटांत काम वेगाने होते, टिपणे छोटी लागतात आणि धोरणकर्त्यांशी ओळख होते. पण कंत्राटे मुदतीची असतात, आणि निधी कोण देतो याचा विचार करूनच तिथे लिहावे लागते. सैन्यातून किंवा परराष्ट्र सेवेतून अभ्यासाकडे वळणारेही आहेत: श्रीनाथ राघवन हे पायदळातील अधिकारी होते, मग लंडनच्या किंग्ज कॉलेजमधून डॉक्टरेट घेऊन ते भारताच्या परराष्ट्र धोरणाचे इतिहासकार झाले.

दप्तरखान्यात

कागदपत्रांवर उभे राहायचे असेल तर ती कुठे आणि कशी मिळतात हे कोणी शिकवत नाही, ते चुका करत शिकावे लागते. दिल्लीत जनपथावरील राष्ट्रीय अभिलेखागारात परराष्ट्र मंत्रालयाच्या जुन्या फायली आहेत. सार्वजनिक अभिलेखांच्या नियमांप्रमाणे पंचवीस वर्षांनंतर फायली तिकडे जायला हव्यात. प्रत्यक्षात सूचीत नाव दिसते, मागणीची चिठ्ठी भरली जाते आणि चिठ्ठी ‘एनटी’ अशी खूण घेऊन परत येते. एनटी म्हणजे अजून हस्तांतरित झालेली नाही. पहिल्या आठवड्यात अशा दहा चिठ्ठ्या परत आल्या तर खचून जाऊ नये; त्याच विषयाची फाईल दुसऱ्या विभागाच्या किंवा दूतावासाच्या सूचीत वेगळ्या नावाने पडलेली असू शकते. जाण्यापूर्वी ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर शोध घ्यावा, पुष्कळसे घरबसल्या वाचता येते. तीन मूर्ती भवनातील ग्रंथालयात पी. एन. हक्सर, विजयालक्ष्मी पंडित, टी. एन. कौल अशा परराष्ट्र धोरणात वावरलेल्यांचे खासगी कागद आहेत, आणि सरकारी फाईल जिथे गप्प बसते तिथे खासगी पत्र अनेकदा बोलते.

परदेशातील सर्वांत सोपे दालन अमेरिकी परराष्ट्र खात्याचे. त्यांनी प्रसिद्ध केलेले राजनयिक कागदपत्रांचे खंड विनामूल्य उपलब्ध आहेत. १९७१ च्या दक्षिण आशियाई पेचप्रसंगाचा खंड २००५ मध्ये निघाला आणि अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष निक्सन आणि त्यांचे सल्लागार किसिंजर यांची संभाषणे त्यामुळे कोणालाही वाचता आली. मात्र या सोयीत एक फसगत आहे. जे सहज मिळते त्यावरच लिहिण्याची सवय लागली की १९७१ चा भारतही वॉशिंग्टनच्या खिडकीतूनच दिसू लागतो. ९ ऑगस्ट १९७१ चा भारत-सोव्हिएत करार दिल्लीला का हवासा वाटला, हे किसिंजरच्या चिडचिडीवरून ठरवता येत नाही.

आणि मुंबई! काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत राज्याचे अभिलेखागार आहे. १८३९ मध्ये इंग्रजांनी घेतलेले येमेनमधील एडन बंदर १९३२ पर्यंत मुंबई इलाख्याकडून चालवले जात होते, आणि इराणच्या आखातातील बुशहर येथील रेसिडेन्सी, म्हणजे ब्रिटिश प्रतिनिधीची कचेरी, १८७३ पर्यंत मुंबई सरकारच्या हाताखाली होती. म्हणजे आज पश्चिम आशिया म्हणून आपण ज्याचा अभ्यास करतो त्याचा बराचसा एकोणिसाव्या शतकातील पत्रव्यवहार चर्चगेटपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पणजीच्या अभिलेखागारात लिस्बन आणि गोवा यांच्यात मोसमी वाऱ्यांवर येणाऱ्या जहाजांतून गेलेल्या-आलेल्या पत्रांच्या वह्या आहेत. इतिहाससंशोधक पांडुरंग पिसुर्लेकरांनी पोर्तुगीज-मराठे संबंधांवर केलेले काम याच संग्रहावर उभे आहे.

एक कामाची सवय: छायाचित्र घेताना प्रत्येक कागदाआधी फायलीच्या मुखपृष्ठाचे छायाचित्र घ्यावे आणि त्याच संध्याकाळी संगणकावर फाईल क्रमांकाच्या नावाने फोल्डर करून ठेवावे. हे मी पहिल्या दौऱ्यात केले नाही. सातशे छायाचित्रे घेऊन परतलो आणि त्यांतली निम्मी कोणत्या फायलीची हे सांगता येईना. ज्याचा संदर्भ देता येत नाही तो कागद असून नसल्यासारखा.

मुलाखतींसाठी निवृत्त राजदूत सहसा वेळ देतात, आणि आनंदाने देतात. परंतु माणसाला तीस वर्षांपूर्वीचा स्वतःचा शहाणपणा फार स्पष्ट आठवतो. म्हणून कागद आधी वाचून जावे, तारीख-वार प्रश्न विचारावेत आणि नाव वापरायचे की नाही हे सुरुवातीलाच लेखी ठरवून घ्यावे.

लेख, आणि मग पुस्तक

पहिला लेख प्रबंधातील एका प्रकरणातून निघतो, पण प्रकरण म्हणजे लेख नव्हे. विद्वत्‌पत्रिकेतील लेख साधारण आठ ते दहा हजार शब्दांचा असतो आणि त्यात एकच म्हणणे असते. ते पहिल्या दोन पानांत आले नाही तर परीक्षक पुढे वाचतो ते केवळ कर्तव्य म्हणून. लेख पाठवण्याआधी त्या पत्रिकेचे मागील दोन वर्षांचे अंक चाळावेत आणि तिथे कोणता वाद चालू आहे ते पाहावे. भारतीय विषयांसाठी मुंबईहून १९६६ पासून निघणारे इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली, सप्रू हाउसचे इंडिया क्वार्टर्ली आणि जवाहरलाल नेहरू विद्यापीठाशी जोडलेले इंटरनॅशनल स्टडीज ही परिचित ठिकाणे आहेत. नाव झाकून केलेल्या परीक्षणाला महिने लागतात आणि उत्तर बहुधा नकाराचे येते. ‘सुधारून पुन्हा पाठवा’ असे आले तर ती आनंदाची बातमी समजावी: परीक्षकांचा प्रत्येक आक्षेप डाव्या रकान्यात, आपण केलेला बदल उजव्या रकान्यात, आणि जिथे बदल केला नाही तिथे त्याचे कारण, असा तक्ता करून सोबत जोडावा.

व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या ‘चार दिवसांत प्रकाशन, आयएसएसएन क्रमांकासह’ अशा जाहिरातींना बळी पडू नये. तो क्रमांक नियतकालिकाची ओळख पटवतो, त्याच्या दर्जाची हमी देत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्य पत्रिकांची केअर यादी २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे पत्रिका पारखण्याची जबाबदारी आता आणखीच आपल्यावर आली आहे. संपादक मंडळातील दोघा-तिघांचे स्वतःचे लेखन काढून वाचावे. तेवढ्याने बहुतेक शंका मिटतात.

प्रबंधाचे पुस्तक करायला निदान एक वर्ष हाताशी ठेवावे. आधीच्या साहित्याचा आढावा घेणारे प्रकरण काढून टाकावे, संशोधनपद्धतीची चर्चा टिपांत न्यावी आणि प्रत्येक प्रकरणाची सुरुवात एखाद्या प्रसंगाने वा कागदाने होते का ते पाहावे. प्रकाशकाकडे संपूर्ण हस्तलिखित पाठवण्याऐवजी प्रस्ताव पाठवायचा असतो: पुस्तकाचे म्हणणे एका परिच्छेदात, प्रकरणांचा गोषवारा, वाचक कोण, याच विषयावरील पुस्तकांहून हे वेगळे कसे, शब्दसंख्या, आणि सोबत एक-दोन नमुना प्रकरणे. नकाशा छापायचा असेल तर विशेष जपावे. भारताची सीमा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी जुळली पाहिजे. तशी ती नसणे १९६१ च्या कायद्याने दंडनीय आहे, आणि परदेशी प्रकाशकाचा चित्रकार ती हमखास वेगळी काढतो. मानधनावर घर चालत नाही. पुस्तकामुळे व्याख्याने, पुढची शिष्यवृत्ती आणि पदोन्नती मिळते, आणि मुख्य म्हणजे कोणीतरी अनोळखी माणूस तळटीप क्रमांक घालून चूक दाखवणारे पत्र लिहितो. तसे पत्र आले की पुस्तक खरोखर वाचले गेले असे समजावे.

मराठीत लिहिताना

इंग्रजीत विद्वत्‌लेखन आणि मराठीत वर्तमानपत्री स्फुट, अशी वाटणी बरेच जण करतात. ती मला पटत नाही. परराष्ट्र धोरणाचे परिणाम लासलगावच्या कांदा-उत्पादकाला निर्यातबंदीच्या दिवशीच कळतात आणि कोकणातून आखातात गेलेल्या माणसाच्या घरी युद्धाची बातमी दिल्लीच्या आधी पोहोचते. या वाचकाला सोपे करून पातळ केलेले द्यावे असे मानण्याचे कारण नाही. मोठा लेख मराठीत लिहिण्याचा सराव करावा, आणि तो इंग्रजी लेखाचे भाषांतर म्हणून न लिहिता कोऱ्या कागदावर नव्याने लिहावा. असे केल्याने आपल्याला विषय कितपत कळला आहे, हेही उघडे पडते.

अडचण परिभाषेची येते. भाषा संचालनालयाचा राज्यशास्त्राचा परिभाषा कोश जवळ ठेवावा, पण त्यावर पूर्ण विसंबू नये. ‘अलिप्ततावाद’ हाच शब्द पाहा. मूळ कल्पना होती ती कोणत्याही लष्करी गटात सामील न होण्याची; हिंदीतला ‘गुटनिरपेक्षता’ हा शब्द ती नेमकी पकडतो. आपण ‘अलिप्त’ म्हटले आणि कमळाच्या पानावरच्या पाण्यासारखी विरक्ती त्या शब्दाला चिकटली, त्यामुळे १९७१ मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाल्यावर ‘आता अलिप्तता कुठे राहिली’ असा प्रश्न मराठीत जितका बोचरा वाटला तितका तो मुळात नव्हता. शब्द रूढ झाला आहे, तो बदलता येणार नाही. परंतु लेखात पहिल्यांदा वापरताना त्याचा अर्थ एका वाक्यात बांधून घेता येतो. ‘सत्तासंतुलन’, ‘सार्वभौमत्व’, ‘सामरिक स्वायत्तता’ हे शब्द बरे चालतात. जिथे मराठी शब्द वाचकाला अडवतो तिथे इंग्रजी शब्द देवनागरीत लिहिण्याची लाज बाळगू नये.

अशा शब्दांची एक वही मी पंधरा वर्षांपासून ठेवतो. डावीकडे मूळ शब्द, उजवीकडे सुचलेले पर्याय, आणि वाचकांनी अडून विचारले की त्यावर खूण. त्यात ‘डिटरन्स’समोर ‘प्रतिरोधन’, ‘जरब’ आणि ‘धाक’ असे तीन शब्द लिहिलेले आहेत, तिन्हींवर काट मारलेली आहे आणि पुढची ओळ अजून रिकामी आहे.